ग्रहणाचे गणित आणि ग्रहणाची नमाज



हिजरी सन 10 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम (रजि.) यांचे मदिनेत निधन झाले. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. आकाशही या बाळाच्या शोकात काळवंडले, असे लोक बोलू लागले. शोकाकुल पित्याला दिलासा देणारा, भाविकांची श्रद्धा वाढवणारा असा तो समज होता. तरीही प्रेषितांनी (स.) तो तत्काळ खोडून काढला. सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कुणाच्या जन्ममृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले आणि लोकांना नमाजकडे वळवले. धर्माच्या गौरवासाठीसुद्धा त्यांनी असत्याचा आधार घेतला नाही.

इमाम गझाली (रह.) यांनी 1095 च्या सुमारास ‘तहाफुतुल फलासिफा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तत्त्वज्ञांच्या वीस मतांचे परखड खंडन आहे. पण प्रारंभीच ते बजावतात, की ग्रहणाचे गणित हा वादाचा विषय नव्हे. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये चंद्र येतो, हे सिद्ध झाले आहे. धर्माच्या नावाने ते नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. कारण ज्याला हे गणित उमगले आहे, तो गणितावर नव्हे, धर्मावर शंका घेऊ लागतो.

मग इमामांचा वाद होता कशाशी? विश्व अनादि आहे, यासारख्या मतांशी. तत्त्वज्ञ गणितातील आपल्या अचूकपणाच्या बळावर अशी मतेही तितकीच निश्चित म्हणून मांडत. ग्रहणाची वेळ अचूक सांगता आली, म्हणून विश्वाच्या आरंभाविषयीचे मतही अचूक ठरत नाही.

वाचकहो, हा विवेक आज आपल्या घरात हवा. महाविद्यालयात विज्ञान शिकणारा मुलगा प्रश्न घेऊन येतो, तेव्हा त्याला दटावू नका. जे निरीक्षणाने सिद्ध आहे, ते निःशंकपणे मान्य करा. मात्र ‘विज्ञानाने निर्माता नाकारला’ असे कुणी म्हणाले, तर त्याला शांतपणे विचारा : हे कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले? ग्रहण कसे लागते, हे विज्ञान सांगते. हा नियम मुळात का आहे, हा प्रश्न त्यापुढचा आहे. तेथे विज्ञानाचा अंगरखा घालून तत्त्वज्ञानच बोलत असते.

ग्रहणाची वेळ पंचांगात पाहावी आणि ग्रहण लागताच नमाजला उभे राहावे. या दोहोंत विरोध नाही.

अल्लाह आपल्याला लाभदायक ज्ञान देवो. आमीन.