न सांगता झालेली मैफल

गोष्ट १९७२ सालची. लेड झेपेलिन हा त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या रॉक बँडपैकी एक होता. त्यातला गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. एका रात्री ते कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्या डिस्कोथेकमध्ये गेले आणि चक्क वाजवू-गाऊ लागले. साथीला मुंबईतलीच मुले. ना पोस्टर, ना जाहिरात. ज्यांना ऐकायला परदेशात हजारोंची गर्दी लोटे, ते इथे मूठभर माणसांसमोर उभे राहिले.

महाड-पोलादपूरच्या माणसाला याचे काय, असे कुणी विचारील. आपल्याला उरुसातली कव्वाली जवळची. पण या गोष्टीतला प्रश्न आपल्याच दारातला आहे. गाजावाजा न करता केलेले काम नेहमीच श्रेष्ठ असते का?

सूरह बकरामध्ये उघड दिलेल्या दानालाही चांगले म्हटले आहे. पण गरजूला गुपचूप दिलेले अधिक चांगले. दिखाव्यासाठी केलेल्या नेकीला आपण रिया म्हणतो. त्या दृष्टीने कुलाब्याची ती रात्र मनाला भावते. तिथे नाव विकायचे नव्हते, फक्त वाजवायचे होते.

पण इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये रियेची छुपी रूपेही दाखवली आहेत. नेकी लपवली, आणि ती लपवल्याचाच मनात अभिमान धरला, तर काय उरले? शिवाय ज्याच्याजवळ नाव आहे त्यालाच ते दाराबाहेर ठेवून आत जाता येते. साथ करणाऱ्या मुलांना ही चैन नव्हती. त्यांचे अनाम असणे हा त्यांचा निर्णय नव्हता. आज ही गोष्ट सांगताना पेज आणि प्लांट आठवतात, ड्रम सांभाळणारे हात कुणाचे होते, हे किती जण विचारतात? त्याच वर्षी या दोघांनी मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली २०१५ साली. आपली कला जगापुढे यायला त्या वादकांना ४३ वर्षे थांबावे लागले.

जुलै २०२१ आठवतो. सावित्रीच्या पुरात महाड बुडाले. तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही माणसे गाडली गेली. मदतीचे ट्रक आले. काहींवर मोठे फलक होते, काहींवर काहीच नव्हते. फलकवाल्या ट्रकमधल्या तांदळानेही पोट भरलेच. त्याला नावे ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. नियत अल्लाह जाणतो. पण घराघरांतला चिखल उपसणारी जी मुले होती, त्यांची नावे आपण विचारली का?

मला वाटते, आपण एकाच प्रश्नात दोन प्रश्न मिसळतो. आपले काम झाकून ठेवावे, हा करणाऱ्याचा अदब आहे. ते शोधून, नाव घेऊन शुक्रिया म्हणणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशी शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. करणारा गप्प राहिला म्हणून आपणही गप्प राहायचे, ही साधेपणाची कदर नव्हे. तो निव्वळ विसराळूपणा आहे.