न दुखणारं दुखणं

सकाळी चहा घेता घेता वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचता आली की माणसाची खात्री पटते, आपले डोळे ठणठणीत आहेत. आमच्या अण्णांचीही तशीच खात्री होती. बारा वर्षांची शुगर, गोळ्या वेळेवर, गोड जवळपास बंद. फक्त डोळे तपासायचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं : "मला सगळं दिसतंय की!"

एकदा चष्म्याचा नंबर बदलायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्याच्या मागचा पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "जिना चढताना दम लागतो का? कार्डिओग्राम शेवटचा कधी काढला?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हृदयाची चौकशी का करावी?

त्याचं उत्तर त्या पडद्यातच आहे. कुठेही चिरफाड न करता जिवंत रक्तवाहिन्या थेट बघता येतात, अशी शरीरातली ही जागा. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1851 साली हा पडदा पाहण्याचं साधन जगापुढे ठेवलं, आणि तेव्हापासून डॉक्टरांना तिथे डोकावता येऊ लागलं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की या केसासारख्या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना बारीक फुगे येतात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपतं. पुढे काही वाहिन्या बंद पडतात आणि त्यांच्या जागी उगवणाऱ्या नव्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की फुटून डोळ्यात रक्त उतरतं. आणि यातलं बरंचसं घडून जाईपर्यंत डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नजरही कमी होत नाही.

जी साखर, जो रक्तदाब आणि जे कोलेस्टेरॉल पडद्याच्या वाहिन्या बिघडवतं, तेच हृदयाच्या वाहिन्यांतूनही फिरत असतं. म्हणून पडद्यावर मधुमेहाच्या खुणा दिसणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर मधुमेहींपेक्षा जास्त आढळतो. पडदा बिघडला म्हणजे हृदय बिघडलंच, असं नाही. पण हृदयाकडे बघायची वेळ झाली, एवढं तो नक्की सांगतो.

अण्णांचा कार्डिओग्राम काढला. पुढच्या तपासण्या झाल्या. मागे कधीतरी हृदयविकाराचा एक झटका येऊन गेल्याचं त्यात निघालं. अण्णांना तो कळलाच नव्हता. "एकदा दोन दिवस फार थकवा होता, घाम यायचा," एवढंच त्यांना आठवलं. मधुमेहात मज्जातंतू बधिर होऊ शकतात, त्यामुळे छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. आपण दुखण्याला शत्रू समजतो, पण दुखणं हा घराचा राखणदार असतो. मधुमेह आधी त्या राखणदारालाच झोपवतो. तो झोपला असेल तर घरातल्या माणसांनीच उठून दारं-खिडक्या तपासायला हव्यात. 'मला काही त्रास नाही' हे वाक्य मधुमेहात तब्येतीचा दाखला ठरत नाही.

आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने सांगितलं. म्हणजे आपल्या घरात नसला तरी शेजारच्या दारामागे तो आहेच. लेसर आणि इंजेक्शनं नजर वाचवू शकतात, पण गेलेली नजर पूर्ण परत आणणं फार वेळा जमत नाही. वेळेत पाहणं हाच खरा उपाय आहे.

प्रौढ वयातला मधुमेह कळला की लगेच पडदा तपासून घ्यावा, आणि पुढे साधारण दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तसं. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. थेंब घालून पडदा पाहा, असं स्वतःहून सांगावं. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, तेव्हा सोबत कुणाला तरी न्यावं. पडद्यावर काही निघालं तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हृदय यांचीही विचारपूस करावी.

आज घरातल्या मधुमेही माणसाला 'काही त्रास होतोय का?' असं विचारू नका. 'पडदा शेवटचा कधी तपासला?' असं विचारा. उत्तर आठवत नसेल, तर याच आठवड्यात त्यांच्यासोबत जा.