वॅगनवरची तारीख

मालगाडीच्या प्रत्येक वॅगनवर अकरा आकडे असतात. पहिले दोन तिचा प्रकार सांगतात. 10 ते 29 उघड्या, 30 ते 39 बंदिस्त, 40 पासून टँकर. पुढचे दोन मालकीच्या रेल्वेचे, आमच्या मध्य रेल्वेचे 01. मग बांधणीचे साल, मग चार आकडी क्रमांक आणि शेवटी तपासणीचा एक आकडा. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तीनने गुणायची, तीत विषम जागांची बेरीज मिळवायची. जे येईल ते पुढच्या दहाच्या पटीला जेवढ्याने कमी पडते, तो अकरावा आकडा. 1001872046 या दहा आकड्यांनंतर 3 च आला पाहिजे. एखाद्या सुबक मॉडेलवर तिथे 8 दिसला, की आकडे शोभेसाठी काढलेत हे मला कळते. त्या क्रमांकाची वॅगन असूच शकत नाही.

इगतपुरीला वॅगन तपासण्यातच माझी नोकरी गेली. गाडी यार्डात शिरताना रुळाशेजारी उभे राहून चाकांचा आवाज ऐकायचा, तापलेल्या अ‍ॅक्सलचा वास घ्यायचा, गाडी थांबली की खाली वाकून ब्रेक ब्लॉक बघत शेवटच्या ब्रेक व्हॅनपर्यंत चालत जायचे. आता घरात काचेचे कपाट आहे आणि त्यात 1:87 मापाच्या मालगाड्या. इथल्या पावसाळ्यात पितळ काळवंडते, आकड्यांच्या चिकटपट्ट्या सुटतात, म्हणून कपाटात एक बल्ब कायम जळत असतो आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या असतात.

शेजारच्या ताई धम्मगिरीवर शिबिरांच्या सेवेला जातात. 1976 पासून गोएंका गुरुजींच्या विपश्यना केंद्रामुळे आमच्या गावाचे नाव जगभर गेले. रुळांशी ज्यांचा संबंध नाही, अशी माणसेही त्या टेकडीसाठी इगतपुरीला उतरतात. एकदा ताई कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अण्णा, राग मानू नका, पण एवढा जीव निर्जीव वस्तूंत अडकवायचा का? नोकरीत होतात तेव्हा वॅगन सोडून देत होतात. आता धरून ठेवल्यात."

मला राग आला नाही. प्रश्न खरा होता आणि तो मला सोडीना.

आधी हे ठरवावे लागते की मी धरून ठेवले आहे ते काय. बौद्ध परंपरेतच याची जुनी चर्चा आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल विचारतो: आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दोर, सांगाडा? यातले एकही रथ नव्हे आणि यांच्यावेगळाही रथ नाही. या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. ग्रीक वंशाच्या राजाला हे पटले असेल, तर वॅगनवाल्याला तर पटायलाच हवे. कुर्डुवाडीच्या कारखान्यात वॅगन पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला गेली, की तिची चाके काढून दुसरी बसवतात, गंजलेले पत्रे कापून नवे जोडतात. ब्रेक ब्लॉक तर झिजण्यासाठीच असतात. वीस वर्षांनी त्या वॅगनमध्ये मूळचे किती उरते? पण अकरा आकडे तेच, आणि कागदोपत्री वॅगन तीच.

मग मॉडेल कशाची नक्कल करते? सुटे भाग बरोबर असले म्हणजे वॅगन बरोबर, असे मीही पूर्वी धरून चालत असे. एका पितळी बीओएक्सएनने माझा तो विचार बदलला. ही कोळशाची उघडी वॅगन. खरी, कपलरपासून कपलरपर्यंत 10,713 मिलिमीटर. म्हणजे 1:87 ला 123 मिलिमीटर, आणि कारागिराने ते माप चोख साधले होते. बोगीच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या दिसत होत्या. एअर ब्रेकचा सिलिंडर, डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह, हवेची टाकी, सगळे जागच्या जागी. आत खऱ्या कोळशाची भुकटी शिगोशीग भरलेली. आणि बाजूचे एम्प्टी-लोडचे हँडल मात्र 'एम्प्टी'वर.

घाट न पाहिलेल्या माणसाला यात काही वाटणार नाही. हे हँडल रिकाम्या आणि भरलेल्या वॅगनला ब्रेकचा जोर वेगवेगळा देते. रिकाम्या वॅगनचे हँडल 'लोड'वर राहिले, तर चाके जाम होऊन घसटतात आणि सपाट होतात. भरलेल्या वॅगनचे 'एम्प्टी'वर राहिले, तर ब्रेक कमी लागतो. आणि इगतपुरीच्या पुढे कसाऱ्यापर्यंत 1:37 चा उतार आहे. 1865 साली थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून या उताराने रेल्वेला सतत सावध ठेवले आहे. चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने रेटतात, उतरणारीच्या ब्रेकची आधी परीक्षा होते, आणि त्यातूनही ताबा सुटलाच तर गाडी वळवून घ्यायला कॅच सायडिंग आहेत. त्या पितळी वॅगनचा एकेक भाग खरा होता, पण त्या भागांचे एकमेकांशी नाते खोटे होते. नागसेन ज्याला जुळणी म्हणतो, तीच चुकली होती.

एक चूक मात्र अशी आहे की ती टाळताच येत नाही. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे 1:87 ला जवळपास 19.3. बाजारात एचओ, म्हणजे याच 1:87 मापाचा रूळ मिळतो तो 16.5 मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या 1435 च्या गेजवरून आला आहे. म्हणून एचओच्या रुळावर चालणाऱ्या भारतीय वॅगनची चाके पोटाखाली जरा आत सरकलेली असतात. पुण्यात भाऊ जोशींनी 1998 साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, तिथला पसाराही एचओचाच. तिथे गाड्या धावताना पाहून मुले हरखून जातात तेव्हा 16.5 चा विचार कोणाच्या मनात येतो? प्रत्येक प्रतिकृतीला कुठेतरी खोटे व्हावेच लागते. कुठे खोटे होणार आहे हे करणाऱ्याने उघड सांगितले, तर मला तेवढे पुरते.

इथे मला मूर्तिकार आठवतो. शिल्पशास्त्रात मूर्तीची मापे तालात दिलेली असतात. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, नवताल मूर्ती म्हणजे नऊ चेहऱ्यांएवढी उंच. पण देव तर कोणी मोजलेला नाही. वॅगन करणारा यार्डात जाऊन टेप लावू शकतो, मूर्तिकाराने टेप कशाला लावायचा? तरी तो मोजतो, आणि पिढ्यान् पिढ्या मोजत आला आहे. म्हणजे मापाचे काम केवळ मूळ वस्तूशी ताळा जमवणे एवढेच नसणार. मला वाटते, माप हातातल्या मनमानीला आवरते. हे नाक मला आवडते म्हणून असे नको, हे हँडल इकडे छान दिसते म्हणून इकडे नको. अचूकपणात माणूस स्वतःला बाजूला करतो. ताई टेकडीवर श्वासाकडे जशी नजर ठेवायला शिकतात, त्यात आपल्या मर्जीची भर न घालता जे आहे ते बघायचे असते, असे त्याच सांगतात.

आसक्ती येते ती किमतीतून. संग्राहकांच्या बाजारात न उघडलेल्या खोक्याला सगळ्यांत जास्त भाव. आतली वॅगन बरोबर आहे की नाही हे खोके उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडले की भाव उतरतो. मोजक्याच नगांची मालिका असेल तर बोलायलाच नको. तिथे पारखणारा डोळा मिटून घ्यावा लागतो. ताईंनी हे खोके पाहून मला बोल लावला असता, तर मी मान खाली घातली असती.

आणि नव्या कोऱ्या रंगाची वॅगन तरी खरी असते का? वॅगनच्या अंगावर बांधणीचे साल असते, पीओएच कुठल्या कारखान्यात आणि कधी झाले ते असते, परत कधी यायचे ती रिटर्न डेट असते. आपण कधी जन्मलो, कधी मोडून पुन्हा जुळलो आणि कुठल्या तारखेपर्यंत धावायची परवानगी आहे, हे अंगावर रंगवून फिरणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही. म्हणून नुसते 'बीओएक्सएनचे मॉडेल' करता येतच नाही. अमुक क्रमांकाच्या वॅगनचे, अमुक महिन्यातले मॉडेल तेवढे करता येते. पीओएच नुकते झाले असेल तर रंग ताजा. रिटर्न डेट जवळ आली असेल तर कडा गंजलेल्या, दारांखाली कोळशाचे ओघळ, पत्र्याला पोचे. तारीख जुनी आणि रंग चकचकीत, हे मला चुकीच्या अकराव्या आकड्याहून जास्त खटकते. अनित्य हा टेकडीवर शिकवला जाणारा शब्द आहे. यार्डात तो स्टेन्सिलने रंगवतात.

हे सगळे मी ताईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दुसऱ्याच्या कामातली चूक सापडली की तुम्हाला आतून बरे वाटते, ते काय असते?" याला माझ्याकडे उत्तर नाही. बरे वाटते हे खरे आहे. चाकाचा आवाज ऐकून सपाट चाक ओळखले की नोकरीतही बरे वाटायचे, पण तेव्हा त्यामागे घाट होता, गाडीवरची माणसे होती. कपाटासमोर तो घाट नसतो. म्हणून हल्ली यार्डात नव्याने लागलेली पोरे रविवारी घरी येतात, तेव्हा मी वॅगन टेबलावर काढून देतो. हँडल कुठे, ते कशासाठी, हे त्यांना हाताळूनच कळते. खोके उघडे पडते, भाव पडायचा तो पडतो.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्यातल्या एकाच्या हातून बीसीएन या बंदिस्त वॅगनच्या टोकाचे हँडब्रेकचे चाक मोडले. पोरगा कावराबावरा झाला. मला वाईट वाटले, ते नाकारत नाही. पितळी तार वाकवून, मापाने कापून, झाळ लावून आम्ही दोघांनी मिळून नवे चाक बसवले. मग पोराने विचारले, "अण्णा, हिची दुरुस्ती झाली, मग पीओएचची तारीख बदलायची का?"

मी ताईंनाही विचारले. त्या म्हणाल्या, जे घडले ते लिहावे. पण बाजूवरची तारीख रुळांवरच्या त्या खऱ्या वॅगनची आहे, तिला हात लावायचा मला अधिकार नाही. मॉडेलची दुरुस्ती ही मॉडेलची गोष्ट. तेव्हा वॅगन उलटी केली आणि तळाला, एरवी कोणाला दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलने महिना आणि साल लिहिले, खाली पोराच्या नावाचे अक्षर. त्याच्यापुढे रिटर्न डेटची जागा रिकामी सोडली आहे.