तळाची माती



परवाच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्यातल्याच एक ताई मागे थांबल्या. मुलगा बारा वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचे काका त्याला चांदूर बाजारकडच्या संत्र्याच्या वावरात नेणार आणि तिथल्या विहिरीत पोहायला शिकवणार, असे घरात ठरते आहे. ताईंचा एक भाऊ लहानपणी पाण्यात बुडून गेलेला. "फादर, पोराले सोडू का नको? तुमी म्हनसान तसं करतो." मी "विचार करून सांगतो" म्हणालो. एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून त्यांची परवानगी घेऊन या पानावर लिहितो आहे.

मी स्वतः विहिरीतच शिकलो. पाठीला वाळलेला भोपळा, कमरेला दोर, दोराचे टोक काकांच्या हातात. आठ-दहा दिवसांत हातपाय मारता आले. बुडी मात्र येईना. आमच्याकडे पोरगा तळाची माती मुठीत घेऊन वर आला तरच त्याला पोहता येते असे धरत. मी छाती फुगेपर्यंत श्वास भरून घ्यायचो, पाय आपटायचो आणि बुचासारखा पुन्हा वर. काका सहज खाली जात आणि माती घेऊन येत. "कसं केलं?" विचारले की "हे असं" म्हणून पुन्हा खाली जात. त्यांना सांगताच येत नव्हते. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कळले, की काकांची अडचण फार जुनी आहे. जे ज्याच्या त्याच्या अंगातच उगवावे लागते, ते दुसऱ्याला शिकवता येते का? येत नसेल, तर शिकवणाऱ्याचे काम नेमके कोणते?

या प्रश्नावर मला उपयोगी पडला तो सील नावाचा प्राणी. त्याचा वऱ्हाडाशी काही संबंध नाही. सर्कशीत नाकावर चेंडू तोलतो तो बहुधा समुद्रसिंह. सील त्याचा चुलतभाऊ. जन्म जमिनीवर किंवा बर्फावर, पोट मात्र समुद्रात. म्हणजे बुडी मारायला शिकणे किंवा मरणे, एवढेच दोन मार्ग.

अंटार्क्टिकावर भारताचे 'भारती' हे संशोधन केंद्र २०१२ साली सुरू झाले. गोव्यात वास्को येथे असलेली आपली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. त्या किनाऱ्याच्या बर्फावर वेडेल सील राहतात. गेराल्ड कूयमन या अमेरिकन संशोधकाने १९६०च्या दशकात स्वयंपाकघरातले साठ मिनिटांचे घड्याळ वापरून खोली नोंदवणारे यंत्र बनवले आणि ते या सीलच्या अंगावर बसवले. तेव्हापासून त्यांच्या बुड्या मोजल्या जात आहेत. मोठा वेडेल सील ६०० मीटरपर्यंत खाली जातो आणि तासाभराहून अधिक काळ श्वासावाचून राहू शकतो.

हे कसे, तेच मला चकित करून गेले. आपण बुडीआधी छाती भरून घेतो. सील श्वास सोडून देतो आणि मग खाली जातो. त्याचा प्राणवायू फुप्फुसात नसतो, रक्तात आणि स्नायूंत मुरलेला असतो. त्याचे मांस त्यामुळेच काळपट दिसते. खाली गेल्यावर हृदयाचे ठोके मंद होतात आणि साठा पुरवून पुरवून वापरला जातो. पिल्लू जन्मते तेव्हा ना साठा पुरेसा असतो, ना ठोक्यांवर तेवढा ताबा. तो साठा आई दुधातून देऊ शकत नाही. दूध देते, त्याचे रक्त-मांस पिल्लालाच करावे लागते.

मग आई काय करते? वेडेल सीलची आई पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे झाले की बर्फातल्या भोकातून त्याला घेऊन पाण्यात उतरते. पहिल्या बुड्या उथळ आणि थोड्या वेळाच्या. बर्फाखाली श्वासासाठी ते भोक उघडे राहावे लागते, आणि मोठे सील ते दातांनी खरवडून उघडे ठेवतात. त्यात दात झिजतात. दूध तुटेपर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे, आई जवळ असते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हत्ती-सीलची रीत अगदी वेगळी. चारेक आठवडे आई स्वतः उपाशी राहून पिल्लाला पाजते आणि एके दिवशी समुद्रात निघून जाते. पिल्लू किनाऱ्यावर दोन-अडीच महिने काही न खाता, अंगावरच्या चरबीवर राहते. उथळ पाण्यात, बरेचदा रात्री, आपले आपण बुड्या मारून पाहते. याच उपासाच्या दिवसांत त्याचा प्राणवायूचा साठा वाढतो. मग तेही निघते. कोणी वाट दाखवत नाही. पुष्कळ पिल्ले पहिल्याच वर्षी मरतात.

संत अगस्तीन यांनी इ. स. ३८९च्या सुमारास 'शिक्षकाविषयी' नावाचा संवाद लिहिला. बोलणारे दोघेच : ते स्वतः आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा अदेओदातुस. माणूस माणसाला शब्दांनी ज्ञान देऊ शकत नाही, शब्द फक्त बोट दाखवतात, असा त्यांचा रोख आहे. मुलगा त्यानंतर लवकरच वारला. मी जेव्हा जेव्हा तो संवाद वाचतो, तेव्हा युक्तिवादापेक्षा समोर बसलेला तो मुलगाच मला जास्त दिसतो. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न पुन्हा घेतला आणि शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. बरे होते ते शरीर, आपल्या स्वभावाने. वैद्य त्याला साहाय्य करतो. पण ते साहाय्य खरे असते. मला हे उत्तर पटते. काकांना सांगता येत नव्हते, तरी ते माझ्या आधी आणि माझ्यादेखत खाली जात होते, आणि विहिरीत मी कधी एकटा नव्हतो.

सीलची आई सोडून जाते म्हणून आपणही सोडावे, असे मात्र मी म्हणत नाही. निसर्गात जे घडते ते आपोआप आपले कर्तव्य होत नाही. हे तर्कशास्त्राच्या वर्गात सुरुवातीलाच शिकवतात आणि व्हॉट्सॲपवर रोज विसरले जाते. हत्ती-सीलच्या आईला प्रश्नच पडत नाही. तो ताईंना पडला.

ताई, तुमची भीती खोटी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून अकरा माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. पण मुलगा घरी राहिला म्हणजे सुरक्षित राहिला, हा हिशेब बरोबर नाही. सोळाव्या वर्षी तो मित्रांबरोबर, तुम्हाला न सांगता, धरणावर जाईल तेव्हा त्याच्या अंगात काही साठलेले नसेल. तुमच्या भीतीचा तिथे त्याला उपयोग होणार नाही. आज त्याला पाण्यापासून दूर ठेवण्यात त्याचे रक्षण किती आणि आपल्या जिवाचा घोर टाळणे किती, हे प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावे. मला मूल नाही. हे लिहिणे मला सोपे आहे, याची जाणीव ठेवूनच लिहितो.

म्हणून पाठवा. पण काका काठावर मोबाईल पाहत बसणार असतील तर नको. त्यांनी पाण्यात उतरले पाहिजे. कमरेला दोर हवा. आणि मुलाला एक गोष्ट आजच सांगा : बुडीआधी भराभर आठ-दहा श्वास घ्यायचे नाहीत. पोरे पैजेसाठी असे करतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त श्वास घेण्याची निकड दबते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. हे मला काकांनी सांगितले नव्हते, कारण त्यांनाही ठाऊक नव्हते.

बुधवारी ताईंना मी हे सगळे तोंडी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आन् तो खाली असला तवा म्या काय करू?" मी म्हणालो, काठावर बसा. माझी आई बसत असे, विहिरीकडे पाठ करून.