सरकलेल्या रेषांचा अर्थ

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा मानला जातो. जग दिसते तसेच असते का, हा वेदान्ताचा प्रश्न त्यांनी मराठीत आणला.

विसाव्या शतकात हाच पेच दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशाने समोर ठेवला. कॅल्शियमची एक काळी रेषा प्रयोगशाळेत ३९३.४ नॅनोमीटरला सापडते. दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटात ती लाल टोकाकडे सरकलेली असते. हे सरकणे मोजता येते. अवकाश प्रसरण पावते, हा मात्र त्याचा लावलेला अर्थ. १९३१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी सिद्धान्तकार विलेम द सिटर यांना लिहिलेल्या पत्रात हा भेद काटेकोर पाळला आणि अर्थ लावण्याचे काम सिद्धान्तकारांवर सोपवले. केवढा हा संयम!

कोल्हापूरला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी तो भेद जागता ठेवला. कणांचे वस्तुमान काळानुसार वाढत असेल, तर प्रसरणाशिवायही जुना प्रकाश लाल दिसेल, असे त्यांनी खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्प यांच्यासोबत १९९३ मध्ये मांडले. बहुतेकांनी ते स्वीकारले नाही. सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाचा पुरावा महास्फोटाच्या, म्हणजे प्रसरणाच्या तप्त आरंभाच्या, बाजूने भक्कम आहे.

तरीही त्या आरंभावरून ईश्वर सिद्ध झाला, असे म्हणणे घाईचेच. परळीला वैजनाथासमोर हात जोडणाऱ्याची श्रद्धा वर्णपटावर उभी नसते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी महास्फोटात सृष्टिनिर्मितीची खूण पाहिली, तेव्हा स्वतः धर्मगुरू असलेले जॉर्ज लमेत्र अस्वस्थ झाले. प्रसरणाचे गणित १९२७ मध्ये त्यांनीच मांडले होते.