माग काढणे

“चौकशी करणे म्हणजे काय?” हा प्रश्न सोपा दिसतो, परंतु आपल्या भाषेत या एका कामास बोलणी पुष्कळ आहेत. कोणी कानोसा घेतो, कोणी शहानिशा करितो, कोणी छडा लावितो, कोणी पाळेमुळे खणून काढितो. आम्हांस यांपैकी ‘माग काढणे’ हे विशेष बोधप्रद वाटते.

एल्फिन्स्टनसाहेबांनी १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या इतिहासात गावच्या जागल्याची रीत सांगितली आहे. चोरी झाली म्हणजे तो चोराच्या पावलांमागे जाई. आणि माग दुसऱ्या गावात शिरला, तर तेथील जागल्याची खात्री करून तो त्याच्या स्वाधीन करी. नुसता संशय पुरत नसे. पाऊल दाखवावे लागे.

वाचकहो, शेजाऱ्याविषयी वाईट बातमी कळली म्हणजे “आम्ही चौकशी केली आहे” असे आपण सांगतो, तेव्हा आपण पाऊल पाहिलेले असते काय? की एकच गोष्ट दहा तोंडांतून ऐकून तिलाच पुरावा समजतो? कानोसा म्हणजे शहानिशा नव्हे. जो माग काढावयास निघाला, त्याने माग संपेल तेथे थांबावे. आणि तो वळून आपल्याच उंबऱ्याशी आला, तरी पाऊल पुसू नये.