टेबल दारातून हलवा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात शिरलं की आधी आडवं येतं ते देवघेवीचं टेबल. पलीकडे काचेची कपाटं, त्यांना कुलपं, आणि किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपालांच्या खणात. लहानपणी मी यादीतून चार दाखलांक चिठ्ठीवर लिहून द्यायचो. तीन पुस्तकं ‘बाहेर’ असायची, चौथं मला नको असायचं. मग काचेला नाक लावून कपाटात डोकावायचं. तिथेही रेक्झिनच्या बांधणीत पुस्तकाचं नाव गेलेलं असायचं, पाठीवर नुसता आकडा.

ही मांडणी कुणी दुष्टपणाने केली नाही. पै-पैशाच्या वर्गणीतून जमलेली पुस्तकं जपायची, हेच तेव्हा मोठं काम होतं. पण येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून कळायचं ते एवढंच की, तुझ्यावर आमचा भरवसा नाही.

भरवसा ठेवणारी माणसं आपल्याकडे शंभरेक वर्षांपूर्वीच होऊन गेली. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली आणि 1910 साली ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना तिकडून बडोद्याला बोलावून घेतलं. वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक हाताळावं, ही मुक्तद्वार पद्धत बडोद्यात तेव्हा आली. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पहिला नियम 1931 सालच्या त्यांच्या ग्रंथात आला. तो समजावताना त्यांनी ग्रंथालयाची जागा, वेळा आणि सामानसुमान यांचाही विचार केला. कपाट किती उंच असावं, हा प्रश्न त्यांना सुतारावर सोडून देण्याइतका किरकोळ वाटला नाही.

मुक्तद्वार म्हटलं की कार्यकारी मंडळात हमखास ‘पुस्तकं चोरीला जातील’ असं कुणीतरी म्हणतं. काही जातीलही. पण बंद कपाटात वाळवीने खाल्लेली, वीस वर्षांत एकदाही तारखेचा शिक्का न पडलेली पुस्तकं कोणत्या नुकसानीत धरायची?

फिनलंडमध्ये हेलसिंकीला 2018 साली ‘ओडी’ नावाचं ग्रंथालय उघडलं. तिथे पुस्तकं सर्वांत वरच्या, उजेडाच्या मजल्यावर आहेत आणि मधल्या मजल्यावर शिवणयंत्रंसुद्धा. तो पैसा आपल्याकडे नाही, हे खरं. पण शिवणयंत्र ठेवण्यामागचा विचार फुकट घेता येतो: माणूस कोणत्याही कामाने येऊ दे, आधी आत येऊ दे.

आपल्या वाचनालयात दिवसभर बसतं कोण? स्पर्धा परीक्षेची मुलं. ती अभ्यासिकेत प्लायवूडच्या खणात, घरून आणलेली पुस्तकं घेऊन बसतात. त्यांच्यात आणि ग्रंथसंग्रहात भिंत असते. ती भिंत पाडून तिथे कमरेइतक्या उंचीची कपाटं लावली, तर दुपारी डोकं जड झालेला मुलगा उठून एखादं प्रवासवर्णन चाळेल. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती सगळे पुरुष. बायका मासिक बदलतात आणि उभ्याउभ्याच निघतात. वाचायला त्यांना आवडत नाही म्हणून नव्हे. पाठ टेकायला जागा नाही, आणि स्वच्छ स्वच्छतागृह तर नाहीच. मला विचाराल तर नूतनीकरणाचा पहिला रुपया तिथेच खर्चावा, दर्शनी फलकावर नव्हे. लहान मुलांसाठी खिडकीखाली एक सतरंजी पुरे. तिथे आजीने नातवाला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवली, तर ‘शांतता राखा’च्या पाटीकडे कुणी बोट दाखवू नये. शांतता अभ्यासाच्या जागी हवीच. सगळ्या इमारतीत कशाला?

1967 च्या कायद्याखाली महाराष्ट्रात ग्रंथालयांना अनुदान मिळतं, त्यासाठी अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. पुस्तकांची, नियतकालिकांची मोजदाद आपण नेमाने करतो, पण आत येणारा माणूस कुठे अडतो हे विचारत नाही. म्हणून आपल्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा येईल तेव्हा, सभासद म्हणून, एवढं विचारा: दारातलं टेबल बाजूला घ्यायला कुणाची हरकत आहे? हरकत नसेल तर त्याच संध्याकाळी चार जणांनी मिळून उचला. टेबल लाकडी आहे, जड आहे, पण जमिनीत पुरलेलं नाही.